नोव्हेंबरमधली एक पँट : कोपरखैरणेच्या शाळेने गणवेशाचा पुरवठादार कसा निवडला

नवी मुंबईच्या कोपरखैरणेतल्या एका मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळेचे हे प्रकरण आहे. पहिली ते दहावी, पट बाराशेच्या आसपास. पालकांमध्ये वाशीच्या बाजार समितीतले माथाडी कामगार आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे आहेत, रिक्षाचालक आहेत, घरकाम करणाऱ्या महिला आहेत, आणि अलीकडे ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत नोकरी करणारेही आहेत. मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर पालक म्हणून होते. या समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यातच तशी तरतूद आहे. त्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली. कपड्यांच्या दर्जा-तपासणीचे काम मी काही वर्षे केले असल्याने गणवेशाचा विषय माझ्याकडे आला. शाळेचे, दुकानांचे, कारखान्याचे नाव इथे देत नाही. त्याची गरजही नाही, कारण अशी परिस्थिती ठाण्यापासून पनवेलपर्यंत अनेक शाळांत आहे.

तक्रारी

गणवेश निळसर चौकटीचा शर्ट आणि करडी पँट, मुलींना त्याच चौकटीचा कुर्ता आणि करडी सलवार, लहान मुलींना पिनाफोर. विक्री वाशीतल्या एकाच दुकानात. २०२४-२५ च्या वर्षात पालकसभेत तीन तक्रारी वारंवार आल्या. दर जास्त आहे. दोन वर्षांत घेतलेल्या दोन शर्टांचा रंग एकमेकांशी जुळत नाही. आणि वर्षाच्या मध्ये कपडा मागितला तर मिळत नाही.

पहिल्या दोन तक्रारींवर सभेत बराच वेळ आवाज चढले. तिसरी एका आईने अगदी शेवटी, खाली बसता बसता सांगितली. तिच्या सातवीतल्या मुलाची पँट दिवाळीनंतर घोट्याच्या वर गेली. दुकानात गेली तर उत्तर मिळाले, ‘तीस नंबर संपलाय ताई, आता नवीन माल मे महिन्यात.’ जवळच्या शिंप्याकडे गेली तर त्या करड्या रंगाचे कापड त्याला कुठे मिळेना. त्याने जवळपासच्या रंगात शिवून दिली. मग वर्गात ‘गणवेश बरोबर नाही’ म्हणून वहीत शेरा आला. तीन महिने त्या मुलाने आखूड पँटच घातली. माझ्या दृष्टीने खरे प्रकरण तिथे सुरू झाले.

असे होणे अपवाद नाही. सहा ते दहा वर्षांच्या वयात मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मुलींची वाढ बहुतेक वेळा पाचवी ते सातवीत आणि मुलांची सातवी ते नववीत एकदम झपाट्याने होते, आणि त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढणेही स्वाभाविक असते. म्हणजे जूनमध्ये बरोबर बसलेली पँट नोव्हेंबरात आखूड होणार, हे आधीच ठाऊक असते. फक्त कोणाची होणार ते ठाऊक नसते. तरी शाळा पुरवठादार निवडतात ते जूनच्या दरावर.

चौकटीचे कापड

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी एकच प्रश्न धरला : स्वस्त कोण देईल? मी विनंती केली की आधी आपण कापडाकडे पाहू, दुकानाकडे नंतर.

चौकटीच्या कापडात धागा आधी रंगवतात आणि मग विणतात. एका शाळेसाठी खास चौकट विणून घ्यायची तर मोठी मागणी असल्याशिवाय यंत्रमागवाला हात लावत नाही. ती मागणी दुकानदार देतो, पैसे त्याचे अडकतात, आणि साहजिकच ते डिझाइन त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या कोणाला तेवढेसे कापड विणून घेणे परवडतच नाही. म्हणजे शाळेने ‘याच दुकानातून घ्या’ असे कधीही न म्हणताही पालक त्या एका दुकानाशी बांधले जातात. रंग जुळत नाही तेही यामुळेच : प्रत्येक वेळी नवा धागा, नवी रंगाई, नवा लॉट.

साध्या एकरंगी कापडाचे तसे नाही. गिरणीच्या शेड कार्डावर रंगाला नंबर असतो. तो नंबर घेऊन मंगळदास मार्केटमध्ये जा, भिवंडीला जा, नाहीतर ठाण्यात जांभळी नाक्यावर विचारा, कापड मिळते. पँटसाठी लागणारे पॉलिएस्टर-व्हिस्कोस (व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) बरेचसे भिलवाड्याहून येते आणि त्याचे नेहमीचे रंग वर्षभर बाजारात असतात.

संस्थेतल्या ज्येष्ठ सदस्यांना हे पटायला वेळ लागला. चौकट ही शाळेची ओळख आहे, स्टेशनवर मूल दिसले की कळते, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. तोडगा कला शिक्षकांनी सुचवला : शर्ट आणि पँट साध्या, बाजारात मिळणाऱ्या रंगांत, आणि ओळख खिशावरच्या बिल्ल्यात आणि पट्ट्यात. बिल्ला कापडाचा, सुटा, टाके घालून लावायचा. जुना शर्ट विटला तर उसवून नव्यावर लावता येतो. शर्ट फिका आकाशी आणि पँट-सलवार गडद निळी, असे ठरले. गडद निळ्याचा आग्रह आठवी-नववीच्या मुलींचा होता. मासिक पाळीच्या दिवसांत करड्या सलवारीचे दडपण येते, हे त्यांनी वर्गशिक्षिकेकडे लिहून दिले होते. त्याच चिठ्ठीत कुर्त्याला खिसा हवा असेही होते. दोन्ही मागण्या एका शब्दाचीही चर्चा न होता मंजूर झाल्या, याचा मला आजही आनंद आहे.

नमुने तपासताना

चार ठिकाणांहून कोटेशन आणि कापडाचे नमुने मागवले : वाशीचे जुने दुकान, उल्हासनगरचा एक ठोक व्यापारी, सोलापूरचा एक उत्पादक आणि घणसोलीतला एक महिला बचतगट. सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध असले तरी आता तिथे गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग उभा आहे आणि राज्याबाहेरही तिथून माल जातो.

पाचवीच्या मुलाच्या शर्ट-पँटच्या एका सेटला वाशीच्या दुकानाने साडेअकराशे सांगितले, बचतगटाने नऊशे ऐंशी, सोलापूरने सातशे ऐंशी आणि उल्हासनगरने सातशे दहा. दर विचारताना जीएसटी धरून की सोडून, हे लिहून घेतले पाहिजे. अशा कपड्यांवर तो ५ टक्के आहे, आणि दोन कोटेशनांत तो धरलेला नव्हता. तो मिळवल्यावर वर दिलेले आकडे आले.

नमुन्यांची पहिली तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेतच केली. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद तुकडा कापायचा, डिजिटल तराजूवर ठेवायचा, वजनाला शंभरने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम, व्यापारी ज्याला जीएसएम म्हणतात तो. पँटच्या कापडाला चौघांनीही दोनशे वीस लिहिले होते. तिघांचे त्याच्या आसपास भरले. उल्हासनगरचे एकशे पंच्याऐंशीच्या घरात आले. हाताला ते जाड लागत होते, कारण त्यावर खळ होती. एका धुण्यात ती उतरली.

दुसरी गोष्ट जाळून पाहणे. चार-सहा धागे चिमट्यात धरून पेटवले की पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, कापूस आणि व्हिस्कोस कागदासारखे जळून राख होतात. मिश्र कापडात दोन्ही दिसते, पण प्रमाण किती ते यावरून कळत नाही. जिथे नुसता मणीच उरतो तिथे समजायचे की ‘मिक्स’ म्हणून सांगितलेले कापड पूर्ण पॉलिएस्टर आहे. आमच्याकडे आलेला एक शर्टाचा नमुना तसा निघाला. कोणाचा होता, हे वेगळे सांगायला नको.

इथे नवी मुंबईचे हवामान मध्ये येते, आणि या मुद्द्यावर समितीत खरी रस्सीखेच झाली. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी धरतच नाही, म्हणून जुलैत रात्री धुतलेला शर्ट सकाळी घालता येतो. माथाडी वसाहतीतल्या छोट्या घरांत कपडे पावसाळाभर पंख्याखाली वाळतात. तिथल्या आयांचे म्हणणे स्पष्ट होते : ‘सुती नको मॅडम, ओला शर्ट घालून पोरं शाळेत येतात आणि ताप काढतात.’ उलट बाजूने काही पालकांना शुद्ध सुती हवे होते, कारण दमट हवेत पॉलिएस्टर अंगाला चिकटते, मानेवर पुरळ येते. दोन्ही बाजू खऱ्या. आम्ही वेगवेगळे नमुने एकाच वेळी भिजवून, पिळून, बंद वर्गात पंख्याखाली वाळत घातले आणि पालकांना हात लावून पाहायला बोलावले. शेवटी शर्टासाठी ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कापूस आणि पँटसाठी ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के व्हिस्कोस हे प्रमाण ठरले. बाजारात ही दोन्ही मिश्रणे नेहमीची आहेत, त्यामुळे नंतर शोधत फिरावे लागत नाही. पहिलीच्या वर्गातल्या, त्वचेचा त्रास असलेल्या मुलांना त्याच रंगाचा सुती शर्ट चालेल, अशी सूट लिहून घेतली.

आटण्याची चाचणी घरी कोणालाही करता येते. कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, तीनदा धुऊन वाळवायचा, पुन्हा मोजायचा. एक सेंटिमीटर कमी झाला म्हणजे २ टक्के आटले. त्याहून जास्त आटणारे कापड आम्ही नाकारले. रंग उतरतो का हे पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासले. शेवटी निवडलेले दोन नमुने मुंबईत प्रभादेवीला वस्त्र समितीच्या प्रयोगशाळेत पाठवले. ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली, आणि शुल्क भरून कोणीही तिथे कापड तपासून घेऊ शकतो. धुण्यात, घासण्यात रंग किती पक्का राहतो याला तिथे १ ते ५ गुण देतात, ५ सर्वांत चांगले. धुण्यासाठी ४ पेक्षा खाली उतरायचे नाही असे आम्ही आधीच ठरवले होते.

पन्नास रुपये

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने कोटेशनसोबत आणखी एक प्रस्ताव ठेवला : प्रत्येक सेटमागे पन्नास रुपये शाळेच्या विकासनिधीला. संस्थेच्या एका सदस्यांना तो मोह वाटला, आणि त्यांचा हेतू चांगला होता. मुलींच्या शौचालयाची दुरुस्ती रखडली होती. बाराशे मुले, प्रत्येकी दोन सेट, म्हणजे एक लाख वीस हजार. मी विरोध केला. ते पैसे व्यापारी देत नव्हता, सातवीतल्या त्या मुलाची आई देत होती, आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, ‘शौचालयाचं काम करायचंच आहे, पण त्याची पावती कपड्यांवर फाडायची नाही.’ व्यापाऱ्याला विचारले की निधी नको, दरातून पन्नास कमी करा. तो म्हणाला, दर आहे तोच राहील. तिथे तो विषय संपला. कापडाच्या वजनावरून तो आधीच मागे पडला होता.

या निमित्ताने नियमही वाचले गेले. सीबीएसईने १९ एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात संलग्न शाळांना पुस्तके, गणवेश ठरावीक ठिकाणाहून घेण्याची सक्ती थांबवायला सांगितले होते. आमची शाळा राज्य मंडळाची, पण अशी सक्ती करू नये अशा राज्याच्या शिक्षण विभागाच्याही सूचना आहेत. म्हणून ‘आम्ही पुरवठादार ठरवला’ याचा अर्थ ‘तुम्ही तिथूनच घ्या’ असा होता कामा नये, हे ठरावात लिहिले.

निर्णय

सोलापूरचा दर चांगला, कापड चांगले, शिलाई नीट. अडचण एकच, पण मोठी : माल मे महिन्यात एकदम येणार, मागणी साइजवार आधी द्यायची, आणि नंतर दोन-चार सुटे नग हवे असतील तर ते पाठवणार नाहीत. मी त्यांच्या मास्टरांशी फोनवर बोलले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘ताई, एका पँटसाठी कटिंग टेबल मांडता येत नाही.’ बरोबरच आहे. एकावर एक थर रचून कापण्यातूनच तो स्वस्त दर निघतो.

बचतगटाचे नेमके उलटे. आठ मशीन, बाराशे मुलांचा माल मेपर्यंत त्यांच्याने होणारच नाही. पण एक पँट नोव्हेंबरात ते दोन दिवसांत देऊ शकतात.

म्हणून काम वाटून दिले. जूनचा मोठा पुरवठा सोलापूरकडे. वर्षभराची सुटी मागणी, उंची वाढवणे, दुरुस्ती बचतगटाकडे. त्यासाठी सोलापूरकरांनी त्याच लॉटमधले कापडाचे काही ताके बचतगटाला गिरणीच्या भावात द्यायचे, ही अट करारात घातली. कापडाचे मिश्रण, वजन, शेड नंबर, बटणाचा आकार हे सगळे एका कागदावर छापून फलकावर लावले, की ज्याला स्वतः शिवून घ्यायचे त्याने खुशाल शिवावे. पैसे पालक थेट उत्पादकाला देणार, शाळेच्या खात्यातून काही फिरणार नाही. जुना गणवेश दोन वर्षे चालेल, म्हणजे कोणाला धडका कपडा टाकावा लागणार नाही आणि वाशीच्या दुकानाचा शिल्लक मालही वाया जाणार नाही. त्या दुकानदार काकांनी वीस वर्षे शाळेला माल दिला होता, त्यांना एका झटक्यात बुडवणे कोणालाच बरे वाटले नाही.

मापांबद्दल राज्याचा ताजा अनुभव समोर होता. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांसाठी गणवेश मध्यवर्ती पद्धतीने पुरवायचे ठरले. माल उशिरा पोहोचला, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. वयावरून किंवा इयत्तेवरून माप धरता येत नाही. एकाच वर्गात दोन मुलांच्या कमरेत सहा इंचांचा फरक असतो. म्हणून मार्चमध्ये शाळेत मापांचे शिबिर घेतले. टेपने नाही, सोलापूरहून आलेले तयार साइज सेट मुलांना घालूनच पाहिले.

शिबिरात जवळजवळ प्रत्येक पालक दोन नंबर मोठे मागत होता. पुढच्या वर्षीही चालावे ही त्यामागची चिंता समजण्यासारखी आहे. पण दोन नंबर मोठी पँट पट्ट्याने आवळून मूल धावू शकत नाही. शर्ट एक नंबर मोठा घ्या, पँट मापाचीच घ्या, कारण पायाला दोन इंच दुमड आणि कमरेला मागे इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवायला आम्ही करारातच सांगितले आहे, असे एकेकाला समजावावे लागले. ती माया ठेवायला कापड थोडे जास्त लागते आणि दरात पंधरा रुपये वाढले. या सगळ्या खर्चात सर्वांत सत्कारणी लागलेले पंधरा रुपये तेच.

पुढे काय झाले

करारासोबत एक शर्ट आणि एक पँट पिशवीत घालून, दोन्ही बाजूंच्या सह्या करून मोहोरबंद ठेवली होती. माल आला तेव्हा प्रत्येक साइजमधले काही नग काढून त्या नमुन्याशी ताडले. आकाशी शर्टांच्या दोन खोक्यांचा रंग ट्यूबलाइटमध्ये जुळत होता, मैदानात उन्हात नेल्यावर वेगळा दिसला. ती खोकी परत केली. उत्पादकाने आढेवेढे न घेता बदलून दिली, कारण पालकांनी शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्यायचा होता. बदललेला माल यायला शाळा सुरू होऊन आठवडा गेला, आणि तेवढे दिवस त्या मुलांना जुना गणवेश चालला. दोन वर्षांची मुभा इथे कामाला आली.

बचतगटाची मात्र जूनमध्ये तारांबळ उडाली. साइज बदलून मागणारे, उंची कमी करून मागणारे, ऐन वेळी प्रवेश घेतलेले, सगळे एकदम आले आणि दोन दिवसांचे दहा दिवस झाले. जूनमध्ये सोलापूरने बदलून द्यायला जादा नग शाळेजवळ ठेवायला हवेत, ही अट पहिल्या करारात नव्हती. आता आहे.

नोव्हेंबर मात्र मनासारखा गेला. बहुतेकांनी नवी पँट घेतलीच नाही. दुमड सोडून, इस्त्री करून बचतगटाने चाळीस रुपयांत काम करून दिले. ज्यांना नवीच हवी होती त्यांना चारशे वीसला मिळाली, त्याच रंगाची. दिवाळीच्या आसपास वाशीच्या काकांनीही फलकावरचा शेड नंबर पाहून तेच कापड ठेवायला सुरुवात केली. थोडे महाग आहे, पण ज्यांना लगेच हवे ते तिथे जातात. समितीला ते चालते. शक्य तितक्या ठिकाणी तो गणवेश मिळावा हेच तर हवे होते.

यंदा वाशीचे दुकानही कोटेशन भरणार आहे. कोटेशनच्या नमुन्यात आम्ही रकान्यांचा क्रम बदलला : आधी नोव्हेंबर ते मार्चमधल्या एका सुट्या पँटचा दर आणि ती किती दिवसांत देणार, मग सेटचा दर.

पी. टी. च्या टी-शर्टाचे अजून सुटलेले नाही. होजिअरीचे कापड आम्ही घाईत, न धुता मंजूर केलेल्या यादीत गेले, दोन धुण्यांत लांबीला आखडले आणि गळा सैल झाला. तिरुपूरहून येणाऱ्या विणीच्या कापडाचे नवे नमुने मागवले आहेत. ते यावेळी तीनदा धुऊन, पंख्याखाली वाळवून, मगच समितीपुढे ठेवायचे आहेत.